मुलांच्या दातांसाठी सेडेशन: डेंटिस्टला ते शिकावं किती लागतं?

मागच्या वर्षी आमच्या लेकीच्या सहा दाढांना कीड निघाली. दुधाच्या दाढा असतात आठ, त्यातल्या सहा. वय साडेचार, वजन 15 किलो, आणि डेंटिस्टच्या खुर्चीत बसवलं की ओठ असे घट्ट मिटून घ्यायची की चमचा पण आत जायचा नाही, ड्रिल तर लांबच. आम्ही कॅलिफोर्नियात राहतो, फ्रीमॉन्टला. इथल्या एका डेंटिस्टने एक्सरे बघून अगदी सहज सांगितलं की सेडेशन देऊन एकाच दिवशी सगळं उरकून टाकू, बाहेर डेस्कवर तारीख घेऊन जा.

रात्री नाशिकला आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं दुधाचेच दात ना, पडणारच आहेत, त्यासाठी एवढ्याशा पोरीला भूल कशाला?" मी म्हटलं भूल नाही गं, सेडेशन. तर म्हणाली, "म्हणजे काय?" आणि मला सांगताच येईना. थोडी झोप, थोडी गुंगी, असं काहीतरी पुटपुटले आणि विषय बदलला. पण मग माझ्याच डोक्यात किडा वळवळायला लागला की आपल्याला साधं सांगता येत नाही ते आपण पोरीला द्यायला निघालोय. पुढचे दोन आठवडे रात्री ती झोपली की मी हेच वाचत बसायचे, कायदे, गाइडलाइन्स, कन्सेंट फॉर्म, सगळं. त्यातलं जे समजलं ते इथे लिहितेय. मी डॉक्टर नाही, आयटीवाली आहे, त्यामुळे तुमच्या मुलाचं काय करायचं ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, मी फक्त त्यांना काय विचारायचं ते सांगू शकते.

आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर. पुढचे दुधाचे दात सहा-सात वर्षांना पडतात, पण दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. म्हणजे साडेचार वर्षांच्या पोरीला त्या किडक्या दाढांवर अजून सहा-सात वर्षं जेवायचंय. कीड मुळापर्यंत गेली की गळू होतो, चेहरा सुजतो, आणि दाढ लवकर काढावी लागली तर शेजारचे दात सरकून खाली येणाऱ्या पक्क्या दाताची जागा खातात. त्यामुळे सोडून द्या म्हणणं कधीकधी बरोबर असतं पण दरवेळी नाही.

आता सेडेशन. हा एकच शब्द चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतात, खरा घोळ इथेच आहे. सगळ्यात वरची पायरी म्हणजे मिनिमल, मूल जागं असतं, बोलतं, फक्त जरा निवांत होतं, लाफिंग गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साइड बहुतेक वेळा इथेच ठेवतो. त्याखाली मॉडरेट, पेंगतंय पण हाक मारली किंवा हलकं हलवलं तर प्रतिसाद देतं. त्याखाली डीप, सहज जागं होत नाही, दुखलं तर हलेल वगैरे, आणि श्वास अडकू शकतो. आणि सगळ्यात खाली जनरल ॲनेस्थेशिया, म्हणजे आपण ज्याला पूर्ण भूल म्हणतो ते.

हे चार वेगळे मजले आहेत आणि लिफ्टचं बटण दाबलं की नेमक्या मजल्यावर उतरतो असं मला आधी वाटायचं. तसं नाहीये. नाशिककरांना पटकन समजेल असं सांगते, गोदाघाटाच्या पायऱ्या आठवा, पाण्यातल्या, शेवाळ धरलेल्या. तुम्ही ठरवलेलं असतं दुसऱ्या पायरीवर उभं राहून हातपाय धुवायचे, पण पाय सटकला की तिसऱ्या-चौथ्या पायरीवर कधी पोचलात ते कळत नाही. एकच सिरप, एकच डोस, वजन तेवढंच, तरी एक पोर नुसतं खिदळतं आणि दुसरं गाढ झोपून जातं. तिसरं उलट चवताळतं, मिडाझोलॅम नावाच्या गुंगीच्या औषधाने असं होतं कधीकधी, मूल झोपायच्या ऐवजी रडून गोंधळ घालतं. सिरप एकदा पोटात गेलं की त्याचा जोर मागे घेता येत नाही, शिरेतून देताना निदान थोडंथोडं देऊन बघता येतं.

म्हणून या सगळ्या ट्रेनिंगच्या नियमांच्या मुळाशी एक गोष्ट आहे. डेंटिस्ट मुलाला ज्या पायरीवर नेणार आहे, त्याच्या एक पायरी खाली मूल घसरलं तर त्याला तिथून वर काढता आलं पाहिजे. मॉडरेट देणार असाल तर डीपमध्ये गेलेल्या मुलाचा श्वास सांभाळता यायला हवा. इंग्रजीत ते याला रेस्क्यू म्हणतात. घाटावर तुमचा हात धरून उभा असलेला माणूस पोहणारा हवा, एवढंच. औषध द्यायला शिकणं तसं सोपंच, वजन गुणिले मिलिग्रॅम, तिसरीतला मुलगा पण करेल. पोहायला शिकायला वेळ लागतो.

आणि लहान मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, हे डॉक्टर लोक नेहमी म्हणतात पण का ते कोणी सांगत नाही. तर, मुलांची जीभ तोंडाच्या मानाने मोठी असते, टॉन्सिल्स मोठे, श्वासनलिका बारीक, डोकं मागून मोठं त्यामुळे आडवं झोपवलं की हनुवटी आपोआप छातीकडे वाकते आणि श्वासाचा रस्ता चिमटतो. नळी अर्धी अरुंद झाली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, सोळा पट होतो, भौतिकशास्त्रात शिकलेलं असतं पण तेव्हा कोणाला माहीत की इथे उपयोगी पडेल. वर मुलं वजनाच्या हिशेबाने मोठ्यांच्या साधारण दुप्पट ऑक्सिजन वापरतात आणि फुप्फुसात शिल्लक साठा कमी. म्हणजे मोठ्या माणसाचा श्वास थांबला तर विचार करायला जो वेळ मिळतो तेवढा मुलाच्या बाबतीत मिळतच नाही, काम सेकंदांवर येतं.

त्यात डेंटिस्टचं काम कुठे चाललंय? तोंडात. म्हणजे ज्या रस्त्याने श्वास जातो त्याच रस्त्यावर खोदकाम चालू आहे, पाणी उडतंय, कापसाचे बोळे आहेत, रक्त आहे, आणि मूल पेंगल्यामुळे त्याला नीट खोकताही येत नाही. पायाचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला ही पंचाईत नसते.

एक गंमत वाटली वाचताना, ही भूल प्रकरणाची सुरुवातच मुळात डेंटिस्ट लोकांनी केलीये. होरेस वेल्स नावाच्या डेंटिस्टने 1844 मध्ये हार्टफर्डला नायट्रस ऑक्साइड घेऊन स्वतःचीच दाढ उपटून घेतली, आणि 1846 मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ज्याने जगाला ईथर दाखवलं तो मॉर्टन पण डेंटिस्टच. आणि मुलांच्या सेडेशनची पहिली गाइडलाइन अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, 1985 मध्ये काढली ती पण डेंटल ऑफिसमधल्या मुलांच्या मृत्यूंनंतरच. तेव्हापासून ती बऱ्याच वेळा सुधारली, आता मुलांच्या डेंटिस्टांची संघटना पण सोबत असते, 2019 ची आवृत्ती मी वाचली.

पण गाइडलाइन म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेत डेंटिस्टचं लायसन्स आणि सेडेशनचं परमिट ज्या त्या राज्याचं डेंटल बोर्ड देतं, त्यामुळे टेक्ससचा नियम वेगळा, कॅलिफोर्नियाचा वेगळा. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर न्यू जर्सीवाली वहिनी सांगते ते ह्यूस्टनवाल्याला लागू पडेलच असं नाही.

आमच्या कॅलिफोर्नियाचं सांगते. 2015 मध्ये इथे बे एरियातलाच सहा वर्षांचा एक ठणठणीत मुलगा, एक दात काढायचा म्हणून ओरल सर्जनकडे नेला होता, तो भुलेतून परत आलाच नाही. भूल देणारा आणि दात काढणारा डॉक्टर एकच होता. आईवडिलांनी सोडलं नाही, 2016 मध्ये त्या मुलाच्या नावाने, कॅलेब्ज लॉ, कायदा झाला, ज्यात पालकांना लेखी सांगणं सक्तीचं केलं की भूल कशी दिली जाते, कोण लक्ष ठेवतं हे प्रोसीजर, डॉक्टर, मुलाचं वय आणि जागा यांप्रमाणे बदलतं, आणि तुम्ही बाकीचे पर्याय तपासून बघा. वाचताना साधं वाटतं, पण हे वाक्य माझ्यासमोर आलेल्या फॉर्मवर होतं आणि खरं सांगते, त्या दिवशी मी ते वाचलंच नव्हतं, नुसत्या सह्या ठोकल्या होत्या. मग 2018 मध्ये अजून एक कायदा पास झाला, एसबी 501, आणि तो 1 जानेवारी 2022 पासून लागू झाला. ट्रेनिंगचे नियम खरे बदलले ते यात.

त्यातला मला सगळ्यात शहाणपणाचा वाटलेला बदल असा, की आधी परमिट औषध कुठून देता यावर होतं, तोंडाने देत असाल तर एक, शिरेतून देत असाल तर दुसरं. आता ते मूल किती खोल जाणार यावर आहे. बरोबरच आहे ना, सिरप आहे म्हणून सौम्य असं थोडंच असतं, सिरपने पण पोर चौथ्या पायरीवर जाऊ शकतं. आपल्या डोक्यात मात्र तेच असतं, सुई म्हणजे डेंजर आणि गोड सिरप म्हणजे काही नाही.

तर आता इथे 13 वर्षांखालच्या मुलांसाठी सगळ्यात हलकं परमिट आहे पीडियाट्रिक मिनिमल सेडेशनचं. त्यात एकाच औषधाचा एकच डोस तोंडाने, हवा तर सोबत 50 टक्क्यांपेक्षा कमी नायट्रस, बस. दोन औषधं मिसळली की तुम्ही त्याच्या बाहेर गेलात. त्याला ट्रेनिंग लागतं कमीत कमी 24 तासांचं आणि एक प्रत्यक्ष केस, किंवा मग मुलांच्या दातांची रेसिडेन्सी, म्हणजे डिग्रीनंतरचं ट्रेनिंग, केलेली असावी. त्याच्यावरचं मॉडरेट सेडेशनचं परमिट, त्याला किमान 60 तास शिक्षण आणि 20 पेशंट. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या गाइडलाइनमध्येही मॉडरेटसाठी हाच 60 आणि 20 चा आकडा आहे. पण मुलांना द्यायचं असेल तर नुसतं ते परमिट चालत नाही, त्यावर वेगळं पीडियाट्रिक एन्डॉर्समेंट, म्हणजे मुलांसाठीची जादा मंजुरी, लागतं, आणि मूल सात वर्षांखालचं असेल तर त्याच वयोगटातल्या 20 केसेस, त्याही गेल्या 24 महिन्यांत केलेल्या. जनरल ॲनेस्थेशियाच्या परमिटला पण सात वर्षांखालच्यांसाठी असंच आहे. शिवाय पाल्स, म्हणजे मुलांचा श्वास किंवा हृदय बंद पडायला आलं तर काय करायचं याचं सर्टिफिकेट, जे दर दोन वर्षांनी पुन्हा करावं लागतं.

60 तास ऐकून माझा नवरा म्हणाला, "एवढंच? आठ दिवसांचं ऑफिस झालं की." हिशेब बरोबर आहे त्याचा. आणि तुलना करायची तर डॉक्टर भूलतज्ज्ञ मेडिकल कॉलेजनंतर चार वर्षं रेसिडेन्सी करतो आणि मुलांचा भूलतज्ज्ञ व्हायचं तर अजून एक वर्ष. डेंटिस्टांमध्येही फक्त भूल शिकलेले असतात, डेंटिस्ट ॲनेस्थेसिऑलॉजिस्ट, त्यांची रेसिडेन्सी तीन वर्षांची, 2019 मध्ये त्या शाखेला अमेरिकेत स्वतंत्र स्पेशालिटी म्हणून मान्यता मिळाली. मधे येतात पीडियाट्रिक डेंटिस्ट, डेंटल कॉलेजनंतर दोन वर्षं, ज्यात नायट्रस सोडून इतर सेडेशनच्या किमान 50 केसेसमध्ये हात लागावा लागतो आणि त्यातल्या 25 मध्ये स्वतः मुख्य जबाबदारी घेऊन, शिवाय भूल विभागात महिनाभर. म्हणजे दारावरच्या पाटीवर सगळीकडे मुलांसाठी सेडेशन उपलब्ध असंच लिहिलेलं असतं आणि पाटीमागे मात्र 24 तासांपासून पाच वर्षांपर्यंत काहीही असू शकतं.

पण माझं मत विचाराल तर तासांपेक्षा ती 24 महिन्यांत 20 केसेसची अट जास्त कामाची आहे. कोर्स केलेला असतो 2009 मध्ये, आणि मग वर्षातून दोन मुलं करतो, असा माणूस मला नको. आपण नाही का, कॉलेजात पोहायला शिकलेलो असतो आणि पंधरा वर्षांनी कोकणात गेल्यावर गुडघाभर पाण्यातच उभे राहतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. ट्रेनिंग एका माणसाचं असतं, पण मुलाला वाचवते टीम. ड्रिल धरलेल्या माणसाचे डोळे दाढेत असतात, ते तिथेच असायला हवेत, म्हणजे श्वासाकडे बघणारा दुसरा कोणीतरी हवा. 2019 च्या गाइडलाइनने हे एकदम स्पष्ट केलंय. मॉडरेट सेडेशनला डेंटिस्टशिवाय एक माणूस मुलाकडे लक्ष ठेवायला हवा, त्याने फार तर मधेच सोडून देता येईल अशी छोटी मदत करावी. आणि डीप किंवा जनरल असेल तर डेंटल ऑफिसमध्ये भूल सांभाळायला वेगळा शिकलेला माणूस हवा, डॉक्टर भूलतज्ज्ञ, भूल देणारी सर्टिफाइड नर्स, डेंटिस्ट ॲनेस्थेसिऑलॉजिस्ट किंवा दुसरा ओरल सर्जन, आणि त्याला दुसरं कुठलंही काम नाही. शिवाय काम करणाऱ्या डेंटिस्टकडे पण पाल्स हवं. म्हणजे एकाच माणसाने भूलही द्यायची आणि दातही काढायचा हे गाइडलाइनने बंद केलं. कॅलिफोर्नियाचा कायदा तेवढा कडक नाही, इथे 13 वर्षांखाली जनरल किंवा डीप असेल तर डेंटिस्टशिवाय अजून किमान दोन माणसं खोलीत हवीत, आणि डेंटिस्ट स्वतःच भूल देत असेल तर त्यातल्या एकाचं काम फक्त लक्ष ठेवणं, त्याला पाल्स आलं पाहिजे. यावरून इथे बरीच वर्षं जुंपलेली होती, ओरल सर्जन म्हणतात आमचं मॉडेल सुरक्षित आहे, आम्ही वर्षानुवर्षं करतोय, वेगळा भूलतज्ज्ञ सक्तीचा केला तर खर्च वाढून गरीब मुलांना उपचारच मिळणार नाहीत. खर्चाचा मुद्दा खोटा नाही, पण माझ्या पोरीच्या वेळी मला दुसरी डोळ्यांची जोडी हवी होती, विषय संपला.

इंग्लंडने तर कधीच निकाल लावून टाकलाय, तिकडे 2001 संपल्यापासून दातांसाठी पूर्ण भूल फक्त हॉस्पिटलमध्येच देतात, साध्या क्लिनिकमध्ये नाहीच.

बघणारा माणूस बघतो काय, तर बोटाला लावलेला क्लिप म्हणजे पल्स ऑक्सिमीटर, जो कोविडमध्ये आपल्या घराघरात पोचला. पण त्याची एक लबाडी आहे. मुलाला नाकातून ऑक्सिजन चालू असेल तर श्वास थांबल्यावरही आकडा काही वेळ 98, 99 दाखवत राहतो, फुप्फुसातला साठा संपेपर्यंत. तोपर्यंत मौल्यवान वेळ गेलेला असतो. म्हणून कॅप्नोग्राफ हवा, जो बाहेर टाकलेल्या कार्बन डायऑक्साइडची लाट दर श्वासाला स्क्रीनवर काढतो, श्वास थांबला की लाट सपाट, लगेच. काही डॉक्टर छातीवर स्टेथोस्कोप चिकटवून एका कानाने सतत ऐकत पण असतात, जुनी पद्धत पण झकास.

अजून एक हिशेब मी स्वतः करून बघितला आणि घाबरले. दाढ बधिर करायला लिडोकेन टोचतात. मुलांच्या डेंटिस्टांच्या संघटनेची कमाल मर्यादा आहे किलोमागे 4.4 मिलिग्रॅम. माझी लेक 15 किलो, म्हणजे 66. इथे इंजेक्शनच्या एका कार्ट्रिजमध्ये, म्हणजे औषधाच्या छोट्या नळकांडीत, असतं 34. दोन झाली की 68. म्हणजे दोन पूर्ण कार्ट्रिजेस पण बसत नाहीत, आणि आमच्या तर सहा दाढा तोंडाच्या चारी कोपऱ्यांत. जास्त झालं तर झटके येऊ शकतात, आणि सेडेशनच्या औषधासोबत ते अजून वाईट. सवय मोठ्या माणसांची असलेल्या डेंटिस्टला दोन कार्ट्रिजेस म्हणजे काहीच नाही, हात आपोआप तिसऱ्याकडे जातो. वर्षानुवर्षं मुलांसोबत काढलेल्या माणसाचा हात जात नाही.

त्या पहिल्या ऑफिसला मी फोन करून तीनच गोष्टी विचारल्या. कुठल्या पायरीपर्यंत नेणार, तुमच्याकडे कुठलं परमिट आहे आणि त्यावर सात वर्षांखालचं एन्डॉर्समेंट आहे का, आणि डॉक्टरांचा हात दाढेत असताना श्वासाकडे कोण बघणार, त्याचं नाव काय. डेस्कवरची बाई छान गोड होती, म्हणाली काळजी करू नका, डॉक्टर खूप वर्षं करतायत हे. मी परत विचारलं. म्हणाली, आमची असिस्टंट असते ना. म्हटलं तीच सक्शन, म्हणजे तोंडातलं पाणी ओढणारी नळी, पण धरते का? तर हो. मी थँक्यू म्हणून तारीख रद्द केली. त्यांचं काही चुकलंच असतं असं म्हणत नाही मी, पण उत्तर मिळालं नाही एवढं खरं. परमिट तसं कोणालाही घरबसल्या बघता येतं, राज्याच्या लायसन्स शोधायच्या वेबसाइटवर डेंटिस्टचं नाव टाकलं की लायसन्स आणि परमिटं दिसतात, पाच मिनिटांचं काम.

पुण्यातली मावसबहीण हे सगळं ऐकून म्हणाली आमच्याकडे बाई असलं परमिट-बिरमिट ऐकलं नाही. खरंय, आपल्याकडे डेंटिस्टच्या रजिस्ट्रेशनवर वेगळं सेडेशनचं परमिट असा प्रकार नाही. मुलांच्या दातांचं एमडीएस तीन वर्षांचं असतं, बीडीएसनंतर, आणि त्यात सेडेशन अभ्यासक्रमात आहे. पूर्ण भूल द्यायची तर चांगले पेडोडोंटिस्ट, म्हणजे मुलांचे डेंटिस्ट, एमडी भूलतज्ज्ञाला बोलावतात किंवा मुलाला हॉस्पिटलमध्येच घेतात, तिच्या मुलाचं तसंच झालं होतं. पण परमिट नाही म्हणून प्रश्न बदलत नाहीत, उलट तिथे ते पालकानेच विचारायला लागतात, कारण तपासायला दुसरं काही नाहीये. भूलतज्ज्ञ कोण, तो पूर्ण वेळ खोलीत थांबणार की इंजेक्शन देऊन दुसऱ्या केसला जाणार, कॅप्नोग्राफ आहे का, ऑक्सिजन आणि सक्शन चालू स्थितीत आहे का. मराठीत विचारलं तरी चालतं. चांगला डॉक्टर चिडत नाही, उलट खुलतो, हा माझा अनुभव.

आणि सगळ्यात आधी हे पण विचारा की सेडेशन लागतंय का. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं द्रावण असतं, अमेरिकेत 2014 मध्ये दात शिवशिवण्यावरचं म्हणून मान्यता मिळाली, पण ब्रशने किडीवर लावतात, ड्रिल नाही सुई नाही, कीड बहुतेक वेळा जागच्या जागी थांबते. तोटा एवढाच की किडलेला भाग काळाकुट्ट होतो. तीन वर्षांखालच्या मुलांना तर शक्य तेवढं थांबलेलं बरं, कारण अमेरिकेच्या औषध खात्याने 2016 मध्येच इशारा दिलाय की त्या वयात तीन तासांच्या वर किंवा वारंवार दिलेली भूल वाढत्या मेंदूसाठी चांगली नसू शकते. एकदाच थोडा वेळ दिली तर घाबरायचं कारण दिसत नाही, असंही त्यांनीच म्हटलंय.

आमचं शेवटी असं झालं. दुसऱ्या एका पीडियाट्रिक डेंटिस्टने दोन दाढांना ते काळं औषध लावलं आणि चार दाढांसाठी पूर्ण भूल सुचवली, पण भूल द्यायला वेगळी डेंटिस्ट ॲनेस्थेसिऑलॉजिस्ट येणार होती. आधी तिचा फोन आला, वीस मिनिटं नुसते प्रश्न. घोरते का, रात्री श्वास अडकल्यासारखा होतो का, गेल्या दोन आठवड्यांत सर्दी, दमा, वेळेआधी जन्मली का, घरात कोणाला भुलेचा त्रास झालाय का. मग उपाशी ठेवायचं, जेवण आणि दूध सहा तास आधी बंद, भारी जेवण असेल तर आठ, नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत. मी म्हटलं दूध म्हणजे पातळच ना, तर म्हणाली पोटात गेल्यावर दूध जेवणासारखंच वागतं, उलटी होऊन फुप्फुसात गेलं की पंचाईत. त्या दिवशी सकाळी तिने दारातच लेकीला विचारलं, सकाळपासून काय खाल्लंस? मग मला. मग परत लेकीला, वेगळ्या शब्दांत, कारमध्ये बिस्किट होतं का गं? तिसऱ्यांदा विचारल्यावर मला जरा रागच आला होता, पण मग वाटलं हीच बाई बरोबर आहे. खोलीत मॉनिटर, दोन ऑक्सिजन सिलिंडर, लहानात लहान मास्क साइजप्रमाणे ओळीत लावून ठेवलेले, आणि हिरवी लाट उमटवणारा तो कॅप्नोग्राफ. मी बोट दाखवून विचारलं हाच ना, तर ती हसली, म्हणाली याच्याबद्दल विचारणारे पालक फार भेटत नाहीत.

दीड तास लागला. इन्शुरन्सने भुलेच्या बिलावर हात वर केले ते वेगळं रामायण. जागी झाल्यावर लगेच सोडलं नाही, शांत खोलीत कोणी न उठवता वीस मिनिटं आपली आपण जागी राहते का ते बघितलं, मग कागदावर सही. घरी जाताना दोन मोठी माणसं हवीत असं आधीच बजावलेलं, एक चालवायला आणि एक मागे बसून बघायला, कारण कार सीटमध्ये पेंगलेल्या मुलाची मान पुढे पडली की तोच श्वासाचा रस्ता परत चिमटतो. नवरा चालवत होता, 880 वर नेहमीसारखं ट्रॅफिक, आणि मी मागे तिच्या हनुवटीखाली तळहात धरून बसलेली, बोटांवर तिचा गरम श्वास लागतोय की नाही ते मोजत. एक्झिट यायच्या आत तिने एक डोळा उघडला आणि बधिर ओठांनी जेमतेम विचारलं, "वयणभात?"